घाटातला वायपर

मोटारीच्या काचेवरचा वायपर हा मोठा उपेक्षित प्राणी आहे. वर्षातले आठ महिने तो नुसता पडून असतो, आणि त्या आठ महिन्यांत तो चालतो की नाही याची चौकशी कुणी करीत नाही. चौकशी होते ती पावसात, आणि तीही बहुधा घाटात!

आमच्या बुलढाण्याला विमानं येत नाहीत. मलकापूरला आगगाडीतून उतरायचं, मोताळ्यावरून राजूरचा घाट चढायचा, की आलं बुलढाणं. पन्नास वर्षं होत आली. आषाढातल्या एका रात्री मी याच वाटेनं भाड्याच्या गाडीतून निघालो होतो. वडील इस्पितळात होते. सकाळी त्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि त्यासाठी जमवलेले पैसे माझ्या आतल्या खिशात होते.

निघतानाच क्लीनर पोरगा म्हणाला, "उस्ताद, वायपर बंद हाये." मलकापुरात आभाळ भरलं होतं, पण पाऊस नव्हता. ड्रायव्हरनं वर पाहिलं, काचेला तंबाखू चोळली आणि गाडी सोडली. आम्हा प्रवाशांपैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. वायपर नाही, पण पाऊसही नाही. हिशेब बरोबर होता!

घाटात पावसानं गाठलं. तंबाखू पहिल्या दोन सरींतच वाहून गेली. पोरगा दारात लोंबकळत फडक्यानं काच पुसू लागला. थोड्या वेळानं ओलाचिंब होऊन आत आला आणि म्हणाला, "थांबवा उस्ताद. मले काई दिसून नाही राह्यलं."

ड्रायव्हर वयानं त्याच्या तिप्पट. मला वाटलं, आता खेकसणार. पण त्यानं मुकाट्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, चाकांना दगड लावायला सांगितले आणि इंजिन बंद केलं. सगळे ओरडले. सर्वांत जास्त मी! वडिलांचं सांगितलं, पैशांचं सांगितलं, शेवटी माणुसकीही काढली. बिडी पेटवीत तो एवढंच म्हणाला, "उशिरा जासान, पण घरी जासान."

पहाटे पोचलो. ऑपरेशन झालं, वडील बरे होऊन घरी आले आणि तो ड्रायव्हर माझ्या मनातून पार पुसला गेला.

तो पुन्हा आठवला पुतण्यामुळं. हा पुतण्या विमानांच्या देखभालीच्या कामात असतो. एकदा दिवाळीत फराळ करताना मी त्याला म्हटलं, "तुमचं बरं आहे. सगळं ठाकठीक असल्याखेरीज विमान जागचं हलत नसेल!" तो हसला. म्हणाला, "काका, तसं केलं तर निम्मी विमानं जमिनीवरच राहतील."

मग त्यानं सांगितलं, की विमानात काय बंद असलं तरी उडायला हरकत नाही याची एक यादीच असते. विमान बनवणारे मूळ यादी करतात, त्यावरून कंपनी आपली करते आणि सरकारी खातं ती मंजूर करतं. काही बिघाड तीन दिवसांत, काही दहा दिवसांत, तर काही एकशेवीस दिवसांत दुरुस्त करायचे. बंद वस्तूवर ती बंद असल्याची चिठ्ठी चिकटवायची. आणि वस्तूपुढं अटीही लिहिलेल्या असतात. वायपर बंद? चालेल, पण उतरायच्या जागी पाऊस नसेल तरच! शिवाय, यादीनं परवानगी दिली तरी 'नाही' म्हणण्याचा शेवटचा अधिकार वैमानिकाचा.

ऐकता ऐकता मला ७ ऑगस्ट २०२० ची रात्र आठवली. दुबईहून आलेलं विमान कोळिकोडला भर पावसात उतरताना टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढं जाऊन दरीत कोसळलं. विमानात एकशेनव्वद माणसं होती, एकवीस गेली. त्यांत दोन्ही वैमानिकही होते. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, हवाई दलात घडलेले. २०२१ साली चौकशीचा अहवाल आला. उतरण्याच्या पहिल्याच प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, असं त्यात आहे. दुसऱ्या खेपेला वारा पाठीमागून होता आणि जवळजवळ अर्धी धावपट्टी मागं पडल्यावर चाकं टेकली. सहवैमानिकानं पुन्हा वर उचलण्याविषयी सांगितलं होतं. ते झालं नाही. अहवालानं अपघाताचं मुख्य कारण वायपरला म्हटलेलं नाही, याला म्हटलं आहे.

इथं बसून कुणाला दोष द्यायला मी धजत नाही. त्या काचेमागं मी नव्हतो. आणि ज्या काचेमागं मी होतो, तिथं गाडी चालवा म्हणून ओरडणारा मीच होतो!

पण एक गोष्ट मात्र मनाशी पक्की झाली आहे. बिघडलेली वस्तू एकटी फारसं वाईट करीत नाही. तिला पाऊस भेटावा लागतो, रात्र भेटावी लागते, पोचायची घाई भेटावी लागते. मलकापुरात बरोबर असलेला हिशेब राजूरच्या घाटात चुकतो. यादी मलकापुरात लिहिलेली असते. घाटात उपयोगी पडतो तो 'थांबवा' म्हणणारा पोरगा, आणि त्याहून दुर्मिळ म्हणजे त्याचं ऐकणारा उस्ताद.

हल्ली पावसात कुठं गाडी थांबली आणि प्रवासी कुरकुरू लागले, की मी गप्प बसतो. त्या उस्तादाचं नाव मी विचारलं नव्हतं. त्या पोराचंही नाही. भाडं मात्र, आता सांगायला लाज वाटते, उशीर झाला म्हणून मी आठ आणे कमी दिलं होतं.