बसून घेतलेले आकडे

गेल्या एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचला आप्पा न्हाणीच्या दारात पडले. कपाळाला चार टाके. मी दुपारपर्यंत पुण्याहून सोलापूरला पोचलो, तर म्हणाले, "काय न्हाई बे, पाय सरकला." फरशी कोरडी होती, हे आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

आप्पांना अठरा वर्षं मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना रक्तदाबाचं यंत्र घेऊन दिलं. रोज सकाळी चहाआधी खुर्चीत बसून ते दाब मोजत, आकडे फोनवर पाठवत, आणि मी ते शीटमध्ये भरत असे. १३४/८२, १३०/८०. आलेखाची रेघ सरळ होती. इंजिनिअर माणूस मी, सरळ रेघ बघून निश्चिंत व्हायचो.

आमच्या डॉक्टरांनी आप्पांना पाच मिनिटं झोपवून दाब मोजला, वरचा आकडा १४२. मग उभं केलं. एका मिनिटाने ११४, तिसऱ्या मिनिटाला १०८. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष धरतात.

"भोवळ कधीपासून येते?" डॉक्टरांनी विचारलं.

आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "दिवाळीपासनं."

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरच्या आसपास रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब उतरला की त्यांचे संदेश विरळ होतात. मेंदूचा तळ ते ओळखून हृदयाला वेग वाढवायला आणि रक्तवाहिन्यांना आवळायला लावतो. हाच बॅरोरिफ्लेक्स. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलणारा सतत सावरत असतो, म्हणून तो उंच ध्वज उभा राहतो, तसंच हे. जुन्या मधुमेहात सावरणाऱ्या या नसाच झिजू शकतात.

हे सावरणं मोजता येतं. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शिरेतून अँजिओटेन्सिन देऊन दाब किंचित वाढवला आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती लांबतं ते पाहिलं. दाब १० मिलिमीटरने वाढला आणि अंतर १५० मिलिसेकंदांनी लांबलं, तर संवेदनशीलता १५. पुढे बोटावरच्या पट्ट्याने प्रत्येक ठोक्याचा दाब कळू लागला, तेव्हा औषध न टोचताही हे गणित जमू लागलं.

घरचं यंत्र अर्ध्या मिनिटाने एक आकडा देतं. तोवर माणूस पडलेला असतो. पण ठोक्यांमधलं अंतर छातीवर बांधायच्या पट्ट्याने मिळतं. एडिनबरोचे डॉक्टर युइंग यांनी मधुमेहींसाठी रूढ केलेल्या चाचण्यांत एक सोपी आहे. उभं राहिल्यावर पंधराव्या ठोक्याच्या आसपास हृदय सर्वांत जलद असतं, तिसाव्याच्या आसपास पुन्हा संथ होतं. तिथल्या लांब अंतराला इथल्या आखूड अंतराने भागायचं. उत्तर १.०४ किंवा जास्त हवं. मी चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. माझं उत्तर आलं १.३०. आप्पांचं ७८८ भागिले ७८०, म्हणजे १.०१. वयाचा फरक धरला तरी पडद्यावरची त्यांची रेघ जवळजवळ सरळ होती. सरळ रेघेची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

निदान डॉक्टरांनी आधीच केलं होतं. माझ्या प्रोग्रॅमने त्यात भर घातली नाही, मला मात्र समजावलं. त्यांनी प्रोस्टेटची गोळी बदलली, उठण्याआधी खाटेच्या कडेला बसून राहायला सांगितलं.

आप्पा तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. मी आलेख दाखवला, तर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "माग चालू असताना सगळं ठीकच दिसतंय. बंद करून परत चालू केला की खोट कळते."

हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांत मी विचारलं नव्हतं.

आता शीटमध्ये दोन रकाने आहेत: बसून आणि उभं राहून. परवा उभ्याचा रकाना रिकामा होता. मी फोन केला. आई म्हणाली, "थांब, कडेला बसलेत. मोजतायत."