पहाटेच्या मैदानातले वायफाय

16 ऑक्टोबर 2025, गुरुवार
डोंबिवलीच्या दिवाळी पहाटेचे काम पक्के झाले. समितीची एकच अट: प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सरचे टेबल नको, फोटोत येते. म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे फेडर नसलेला रॅक मिक्सर स्टेजच्या कडेला आणि माझ्या हातात टॅब्लेट. वायफायवरून फक्त माझ्या आज्ञा जातात; आवाज माइकपासून स्पीकरपर्यंत केबलनेच जातो. त्यामुळे वायफाय गेले तरी गाणे थांबत नाही. मात्र माइक शिट्टी मारू लागला, तर तो खाली घ्यायला हात उरत नाही.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस
मिक्सरच्या पोटातले वायफाय बंद केले. ते 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. त्यात ब्लूटूथचीही गर्दी. वेगळा राउटर 5 गिगाहर्ट्झवर, चॅनेल 36 वर कायम केला. 'ऑटो' ठेवले की राउटर ऐन कार्यक्रमात चॅनेल बदलू शकतो. 52 ते 144 हे चॅनेल टाळले. तिथे रडारचा संकेत मिळाला तर राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर जायचे तर आधी किमान 60 सेकंद गप्प बसून ऐकावे लागते. मैफलीत एक मिनिट फार मोठे.

18 ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी
कुलपाचा दिवस. अनेक डिजिटल मिक्सर पासवर्ड विचारतच नाहीत. त्याच नेटवर्कवर कोणी आला आणि मोबाइलवर ॲप उघडले, की सगळे फेडर त्याच्या बोटाखाली. म्हणून वायफायचा पासवर्ड हेच एकमेव दार. कंपनीचा मूळ पासवर्ड बदलून लांबलचक ठेवला, पासवर्डशिवाय बटण दाबून जोडू देणारे डब्ल्यूपीएस बंद केले, राउटरच्या सेटिंग्जला वेगळा पासवर्ड दिला. नाव लपवून ठेवण्याचा उपयोग नाही, ते शोधणे सोपे असते. इंटरनेट जोडलेच नाही. टॅब्लेटला ओळखीची बाकी सगळी वायफाय विसरायला लावली. नाहीतर इंटरनेट नाही म्हणून तो दुसरीकडे पळतो.

19 ऑक्टोबर, रविवार
रात्री दहाच्या आत साउंड चेक संपवला. उघड्यावर दहा ते सहा लाउडस्पीकर बंद. राउटर स्टँडवर माणसांच्या डोक्यांपेक्षा बराच वर बांधला. शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. रिकाम्या मैदानात शेवटच्या खुर्चीपर्यंत टॅब्लेट उत्तम चालला, पण त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरी परीक्षा माणसे आल्यावर.

लाइव्ह प्रक्षेपण करणाऱ्या मुलाने विचारले, "दादा, तुमच्या वायफायचा पासवर्ड द्या ना, आमचं नेट स्लो आहे." त्याला आवाजाची वेगळी केबल दिली, पासवर्ड नाही. तबलजींनाही स्वतःच्या मॉनिटरचा, म्हणजे त्यांच्याकडे वळवलेल्या स्पीकरचा, आवाज मोबाइलवरून सांभाळायचा होता. म्हटले, "खूण करा, मी लगेच वाढवतो."

20 ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी
सहाच्या आधी हेडफोनवर एकेक माइक तपासून घेतला. सहाला पहिला स्वर. दिवाळीसाठी फडके रोडवर जमलेली तरुणाई इकडेही वळली आणि सव्वासहापर्यंत 2.4 गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉटांची नुसती दाटी. आपले 36 टिकून होते.

दुसऱ्या गाण्यात टॅब्लेटवरचे मीटर गोठले. मीटर हलत नसतील तर फेडरला हात लावायचा नाही. पडद्यावर तो सरकतो, मिक्सरमध्ये नाही. रोषणाईवाल्यांपैकी कोणीतरी राउटरचा प्लग काढून तिथे माळ लावली होती. स्टेजजवळ बसलेल्या सहकाऱ्याला हात केला. त्याचा लॅपटॉप केबलने स्विचमधून थेट मिक्सरला जोडलेला होता, राउटरमधून नव्हे. स्विच यूपीएसवर आणि उपकरणांचे आयपी पत्ते कायमचे ठरवलेले. तेवढ्यात पेटीचा माइक घुमू लागला, तो त्याने खाली घेतला. राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत मैफल त्याच्याच हातात होती. गायिकाताईंना काही कळले नाही.

21 ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन
समितीचा फोन: "पुढच्या वर्षीही असंच, टेबलाशिवाय." हो म्हटले, पण दोन गोष्टी लेखी मागितल्या: राउटर, स्विच आणि मिक्सरसाठी वेगळा वीज पॉइंट, ज्याला दुसरे कोणी हात लावणार नाही, आणि स्टेजच्या कडेला केबलवरच्या माणसासाठी एक खुर्ची. कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येकाने साउंडवाल्याला एवढे जरूर विचारावे: वायफाय गेले तर कोणाचा हात कुठे असेल? उत्तर लगेच आले नाही, तर टॅब्लेट कितीही महाग असो, तयारी अपुरी आहे.