बॅडमिंटनचे कुरण

बॅडमिंटन हे नाव उच्चारताच आपल्या घरांतील मुलांच्या डोळ्यांपुढे जाळी, रॅकेट आणि पिसांचे फूल उभे राहते. हा खेळ एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील गोरे अधिकारी ‘पूना’ ह्या नावाने खेळत. पुढे इंग्लंडातील ज्या वाड्याच्या नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला, तो बोफोर्टच्या ड्यूकांचा बॅडमिंटन हाउस हा वाडा ग्लॉस्टरशायरच्या बाजूस आजही उभा आहे. तेव्हा हे स्थळ पुणेकरांस अगदीच परके म्हणता येणार नाही. मात्र मे महिन्यात तेथे हजारो माणसांची जी जत्रा लोटते, ती फुलासाठी नव्हे, घोड्यांसाठी.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीने चिपनहॅमला उतरावे. तेथून पुढचा रस्ता कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या दक्षिण अंगाने जातो. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे, आपल्या कोकणातील गडग्यांप्रमाणे चुन्यावाचून रचलेल्या भिंती, आणि दृष्टी पोचेल तेथवर हिरवळ! वाड्याच्या उत्तरेस सुमारे तीन मैलांवर विल्यम केंट ह्या शिल्पज्ञाने उभारलेली वुस्टर लॉज ही भव्य वेस आहे. ह्या विस्तीर्ण कुरणावर १९४९ साली दहाव्या ड्यूकांनी घोड्यांची त्रिविध परीक्षा सुरू केली. आदल्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकात इंग्रज स्वारांना यश आले नव्हते. घरच्या भूमीवर कसून तयारी व्हावी, हा त्यांचा हेतू.

ही परीक्षा मुळात घोडदळाच्या अधिकाऱ्यांची. घोडा कवायतीत आज्ञाधारक आहे काय, निरोप घेऊन रानातून, ओढ्यांतून बेधडक जातो काय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकरीस उभा राहतो काय, हे तीन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत. म्हणून प्रथम रिंगणातील संथ चाली, मग मोकळ्या रानातील दौड आणि शेवटी रंगीत आडव्या दांड्यांवरून उड्या असा क्रम असतो. रानातील दौड सुमारे साडेसहा किलोमीटरांची. मिनिटास ५७० मीटर ह्या वेगाने, वाटेत चाळीसांवर उड्या घेत, ती साधारण साडेअकरा मिनिटांत पुरी करावी लागते.

साडेअकरा मिनिटे! परंतु त्यांच्यामागे उभे असलेले महिने प्रेक्षकांस दिसत नाहीत. मेमधील परीक्षेसाठी विश्रांती घेतलेला घोडा नाताळाच्या सुमारास पुन्हा कामास लावतात. पहिले चार ते सहा आठवडे तो केवळ चालतो. दिवसाकाठी तास-दीड तास, कठीण रस्त्यावर, कदम चालीने. मग दुडकी चाल, तीही हळूहळू चढावर. कारण चढावर वेग न वाढविता छातीस व्यायाम घडतो आणि पुढच्या पायांवरील भार हलका होतो. त्यानंतर दौडीची पाळी. काही मिनिटे दौड, दोन-तीन मिनिटे कदम, पुन्हा दौड, असे तीन वेळा आणि तेही चार-पाच दिवसांतून एकदाच. मानवी धावपटूंच्या तालमीवरून घेतलेल्या ह्या पद्धतीचा प्रसार अमेरिकन संघाचे फ्रेंच गुरू जॅक ले गॉफ ह्यांनी १९७० नंतर विशेष केला. मधल्या दिवसांत रिंगणातील कसरत, लहान उड्या आणि मोकळ्या कुरणात चरणे चालूच असते.

इतका संथपणा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर घोड्याच्या शरीररचनेत आहे. स्वस्थ उभ्या घोड्याचे हृदय मिनिटास तीस ते चाळीस ठोके देते. भरधाव धावताना तेच दोनशेवर जाते. प्लीहेत साठविलेले रक्तकण त्या वेळी रक्तात उतरतात, आणि प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास असा ताल जमतो. हे हृदय आणि ही फुप्फुसे काही आठवड्यांतच तयार होतात. परंतु गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस जवळजवळ नाहीच. आहेत ती हाडे आणि कंडरा. त्यांना बळकटी येण्यास अनेक महिने लागतात. फाटलेली कंडरा सांधण्यास तर वर्षही जाते, आणि पूर्वीचा चिवटपणा पुन्हा पुरता येत नाही.

खरा धोका आहे तो येथेच. छाती तयार झालेला घोडा उत्साहाने फुरफुरतो, धावू मागतो. पाय मात्र अजून कच्चे असतात, आणि ते तो सांगू शकत नाही. म्हणून मोतद्दार रोज सकाळी खरारा करण्यापूर्वी चारही पायांवरून तळवा फिरवतो. किंचित ऊब, किंचित सूज लागली तरी त्या दिवशीची दौड रद्द. दाणाही श्रमाच्या मानाने वाढवायचा, आधी नव्हे. आणि कितीही ओट दिले तरी आहाराचा पाया वैरण हाच.

ह्या ठिकाणी नलोपाख्यानाची आठवण होते. एका दिवसात विदर्भ गाठावयाचा असता बाहुकरूपी नळाने सडपातळ घोडे निवडले, तेव्हा ऋतुपर्ण राजा रागावला. गुबगुबीत अंगालाच सामर्थ्य समजण्याची ही चूक फार जुनी आहे!

बॅडमिंटनच्या चार दिवसांतील सर्वांत शांत घटका रविवारी सकाळी येते. आदल्या दिवशी रानातून आलेले घोडे वाड्यासमोर एकेक करून हाती धरून दुडकत नेतात. पंच आणि पशुवैद्य फक्त पाहतात. पावलात जरा लंगड दिसली, तर घोडा तपासणीसाठी बाजूस घेतात. तो निर्दोष न ठरल्यास आदल्या दिवशीच्या पराक्रमाची काही किंमत उरत नाही. कित्येक स्वार ही वेळ येण्यापूर्वीच स्वतः घोडा मागे घेतात. अनेक महिन्यांचे कष्ट आणि खर्च एका शब्दाने सोडून देणे सोपे नव्हे. पण स्वाराची थोरवी त्या एका शब्दात कळते.

ह्या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच यादीत उतरतात, हेही आमच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. शीला विलकॉक्स ह्यांनी १९५७ ते १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे येथे विजय मिळविला. लुसिंडा ग्रीन ह्यांनी १९७३ ते १९८४ ह्या काळात सहा वेळा, आणि तोही सहा निरनिराळ्या घोड्यांवर! एकाच असामान्य घोड्याचे ते दैव असते, तर सहा वेळा फळले नसते.

आपल्या देशातही ही विद्या रुजत आहे. २००० साली सिडनीस इम्तियाज अनीस ह्यांनी आणि टोकियो ऑलिंपिकात, म्हणजे २०२१ साली, फवाद मिर्झा ह्यांनी ह्याच त्रिविध परीक्षेत भारतातर्फे भाग घेतला. घोडे विकत मिळतात, कुरणेही राखता येतात. परंतु धावू मागणाऱ्या घोड्यास वेळ येईपर्यंत चालतच ठेवण्याचा संयम शिकावाच लागतो. मुलांस वाढविणाऱ्या कोणत्याही घरास हा धडा अनोळखी वाटू नये.