ओल्या वाटेचीं पादत्राणें

सुटी लागली कीं कोकणांत उतरावयाचें, ही आमच्या घरची जुनी रीत. कुलदैवताचें दर्शन, मुलांस समुद्रस्नान आणि वडील मंडळींस हवापालट, असे तीन हेतु एकाच प्रवासांत साधतात. निघतांना फराळाचे डबे, औषधें, पांघरुणें या सर्वांचा विचार होतो. पायांचा मात्र कोणी करीत नाहीं. या हयगयीची किंमत गतवर्षीं आम्हांस मोजावी लागली. ती इतर कुटुंबांस मोजावी लागूं नये, म्हणून हा लेख.

श्रीवर्धन तालुक्यांतील हरिहरेश्वर हें सावित्री नदी व समुद्र यांच्या संगमावरील क्षेत्र. प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हां काळभैरव, असा येथील दर्शनाचा परिपाठ आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागील टेकडी चढून, अरुंद घळींतल्या पायऱ्यांनीं समुद्रकांठच्या खडकांवर उतरते व डोंगरास वळसा घालून परत येते. लाटांनीं कोरलेली खडकांवरील जाळीदार नक्षी पाहतांना डोळे निवतात. परंतु पाऊल कोठें पडतें याचें भान राहत नाहीं.

सत्तरी उलटलेले आमचे काका गतवर्षीं या वाटेनें अनवाणी चालले. त्यांस मधुमेह आहे. बिऱ्हाडीं परतल्यावर ओसरीवर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हां कोठें कळलें कीं, खडकास चिकटलेल्या कालवाच्या धारदार शिंपेनें त्यांचा तळवा चिरला आहे. त्यांस स्वतःस कांहींच जाणवलें नव्हतें. जुन्या मधुमेहांत पायाची संवेदना मंदावते आणि जखमहि लवकर भरत नाहीं. शिवाय उबदार खाऱ्या व मचूळ पाण्यांतील कांहीं जंतु जखमेंतून शरीरांत शिरतात. मधुमेही व यकृताचे रोगी यांस ते विशेष घातक ठरतात. काकांची जखम बरी होण्यास अडीच महिने लागले.

यंदा पाण्यांत वापरावयाचीं पादत्राणें घेण्याचें ठरतांच आत्याबाईंनीं हरकत घेतली. “देवाची प्रदक्षिणा, आणि ती पायांत वहाणा घालून?” हा प्रश्न आम्हीं हंसण्यावारी नेला नाहीं. काकाच म्हणाले, “अक्का, मी घालून चालूं, कीं चालूंच नको, एवढें सांग.” त्या कांहीं वेळ स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, “चामड्याचीं नाहींत ना? मग देवळाच्या पायरीशीं काढ, म्हणजे झालें.”

चामड्याची वहाण येथें निरुपयोगीच. ती पाण्यांत फुगते व वाळल्यावर ताठरते. रबरी सपाता पहिल्याच लाटेसरशीं पायांतून निसटतात. पाण्याच्या जोड्याचा तळ रबरी असतो. वरचा भाग जाळीदार कापडाचा, किंवा १९३० सालीं अमेरिकेंत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत सिद्ध झालेल्या निओप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. खरेदीस सायंकाळीं जावें, कारण दिवसभरांत पाय थोडे सुजतात. जोडा मोज्यांवांचून घालून पाहावा. टांच वर उचलली जाऊं नये, बोटें दबूं नयेत. तळ हातानें वांकावा, पण खड्यांचें टोंक आंत लागूं नये. पुढें बोटांस आडोसा व खालीं पाणी निथळण्यास छिद्रें असावींत. “पुढील वर्षींहि होतील” म्हणून मुलांसाठीं एक अंक मोठा जोडा घेण्याची आपली सवय येथें मोडावी. ओला सैल जोडा पायांत फिरतो आणि मूल तोंडघशीं पडतें.

जातांना ताम्हिणी घाटाखालीं एका ओढ्यांत या जोड्यांची परीक्षा झाली. कोरड्या दगडावर पाय घट्ट बसे. शेवाळलेल्या गोट्यांवर मात्र तोहि घसरे. म्हणून गोट्यावर नव्हे, दोन गोट्यांमधील वाळूंत पाऊल टाकावें. समुद्राच्या वाळूंत पाकट दडून बसते. तिचा कांटा पातळ जोड्यास जुमानीत नाहीं. तेथें पाय उचलून न टाकतां घसटत चालावें, म्हणजे ती चाहुलीनेंच दूर होते.

आणि लाटेपुढें तर कोणतेंच पादत्राण टिकत नाहीं. या प्रदक्षिणेच्या वाटेवर माणसें वाहून गेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. ती ओहोटींतच चालावी. कोकणांतील जुना आडाखा असा : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पूर्ण भरती, पुढें सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चतुर्थीस ३ वाजतां भरती, म्हणून ९ वाजतां ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे; नक्की वेळ गांवकऱ्यांस विचारूनच खालीं उतरावें.

आम्ही चतुर्थीस सकाळीं ८ वाजतां निघालों आणि पाणी वळण्यापूर्वीं परत आलों. काकांनीं पायरीशीं जोडे काढून पुन्हां दर्शन घेतलें. बिऱ्हाडीं आल्यावर जोडे गोड्या पाण्यानें धुऊन सावलींत वाळत टाकले. आत्याबाईंनीं काकांस ओसरीवर उजेडांत बसविलें, त्यांचे दोन्ही तळवे स्वतः धुतले आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत निरखून पाहिले. कोठें ओरखडाहि नव्हता. “उद्यां बाजारांत माझ्या मापाचा मिळतो का, तें पाहा,” एवढेंच त्या म्हणाल्या.