चाकं हलली की घड्याळ सुरू

माझी सगळी नोकरी भोसरीतल्या कारखान्यात झाली. ठरावीक वर्षांनी वेतनकरार व्हायचा, त्याआधी मागणीपत्र, गेट मीटिंग, काळ्या फिती. भाचा मात्र विमान चालवतो. त्याच्या नोकरीत यातलं काहीच नाही, हे त्याची पगाराची स्लिप पाहिली तेव्हा कळलं.

दोनशे तासांचं उड्डाण पुरं करून त्यानं परवाना काढला आणि एका लहान कंपनीत एटीआरवर सहवैमानिक म्हणून लागला. हे सत्तरेक आसनांचं, पंख्याचं विमान. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून जळगाव, सिंधुदुर्गला अशीच विमानं जातात. नातेवाइकांना वाटतं, पोरगा लाखांत खेळतो. स्लिपवर मूळ वेतन बेताचंच, बाकी सगळी भिस्त उड्डाणभत्त्यावर. तो तासांवर मिळतो आणि तास मोजायला सुरुवात होते विमान जागेवरून हललं की. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. लढाऊ विमानांच्या सरावासाठी थांबावं लागलं, तर गणवेशात बसून काढलेला तो वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही. त्यात फेऱ्या तासाभराच्या. दिवसात चार वेळा चढायचं-उतरायचं, म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम चार वेळा, आणि तास मात्र थोडेच. त्याच्याच बॅचचा मित्र एअरबसवर आहे. परवाना तोच, पगार कितीतरी जास्त.

सोडून जावं म्हटलं तर प्रशिक्षणाचा बॉण्ड. शिवाय २०१७पासून डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे : सहवैमानिकाला सहा महिन्यांची, कॅप्टनला वर्षाची नोटीस.

"मामा, आमच्यात युनियन नाही. ग्रुपवरसुद्धा पगाराचा विषय कुणी काढत नाही," तो म्हणाला.

संघटनेनं काय होतं, ते याच धंद्यात दिसलेलं आहे. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पगार मात्र वेगवेगळेच राहिले. एप्रिल २०११मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशननं समान वेतनासाठी संप केला. संघटनेची मान्यता गेली, पुढाऱ्यांना बडतर्फ केलं, दिल्ली उच्च न्यायालयानं कामावर परतायला सांगितलं; तरी वैमानिक दहा दिवस हटले नाहीत. शेवटी मान्यता परत मिळाली, बडतर्फी मागे घेतली गेली आणि वेतनाचा प्रश्न न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेला. पुढे २०२४मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या नव्या करारात पगारासाठी धरले जाणारे हमीचे उड्डाणतास सत्तरवरून चाळीसवर आले, तेव्हा वैमानिकांची नाराजी आजारपणाच्या रजांमधून बाहेर पडली आणि फेऱ्या रद्द झाल्या. बोलणी करायला टेबलच नसेल, तर आणखी काय होणार? त्याचा भुर्दंड प्रवाशांना पडला, पण मी दोष वैमानिकांना देणार नाही.

"एवढा पगार घेणारे कसले कामगार?" हा प्रश्न मला आमच्या जुन्या मंडळींनीही विचारला. पण दिल्ली उच्च न्यायालयानं वैमानिक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारच ठरतो, असा निकाल दिला. ती बातमी मी भाच्याला पाठवली. युनियनच्या नोंदणीचा नियमही समजावून सांगितला : अर्जावर किमान सात जण हवेत, आणि सभासद एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तितके. कंपनी छोटी, म्हणजे हे आवाक्यातलं आहे. तो आतापर्यंत दोघांशी बोललाय. दोघेही अजून बॉण्डमध्ये आहेत.