कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नसतं

आज राजकारण नाही. विषय थोडा टेक्निकल आहे, पण तुमच्या-माझ्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मध्यंतरी करमाडमध्ये एका ऑनलाइन सेंटरवर बसलो होतो. शेजारच्या काकांना त्यांच्या पतसंस्थेच्या साइटवर खातं बघायचं होतं. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेचा नाही. साइट उघडली तर स्क्रीनवर इशारा आला, कनेक्शन सुरक्षित नाही. सेंटरवरच्या पोरानं डोळ्याचं पातं लवायच्या आत 'ॲडव्हान्स्ड' दाबलं, 'प्रोसीड' दाबलं अन् काकांना म्हणाला, "टाका पासवर्ड. ही साइट नेहमीच असं दाखवते."

मी संस्थेत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "सर्टिफिकेटची मुदत संपलीय हो भाऊ. पुढं जा म्हणा, काही होत नाही."

हे जे 'काही होत नाही' आहे ना, त्याबद्दलच लिहितोय.

आधी सोप्या भाषेत समजून घेऊ. पत्त्याच्या सुरुवातीला नुसतं एचटीटीपी असेल, तर तुमचा पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा जातो. वाटेत ज्याच्या हातात पडेल तो वाचणार, वाटलं तर बदलणारसुद्धा. एचटीटीपीएस असेल तर तोच मजकूर बंद पाकिटात जातो. पण पाकीट बरोबर माणसाच्या हातात पडतंय का, हे कसं कळणार? त्यासाठी सर्टिफिकेट असतं. सर्टिफिकेट देणारी संस्था तपासते की या नावाची साइट खरंच या अर्जदाराच्या ताब्यात आहे का, मग दाखला देते. आपल्या मोबाइलमधला ब्राउझर तो दाखला बघतो. मुदत संपली असेल, नाव जुळत नसेल किंवा दाखला देणारा ओळखीचा नसेल, तर इशारा देतो.

आता कुणी जाणकार म्हणेल, मुदत संपली तरी मजकूर गुप्तच जातो. बरोबर आहे. धोका सवयीचा आहे. मुदत संपलेल्या साइटचा इशारा आणि मधे बसलेल्या चोरट्यानं स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटचा इशारा, दोन्ही पडदे जवळपास सारखेच दिसतात. फरक खालच्या बारीक इंग्रजी कोडमध्ये, तो कोण वाचतो? ज्या माणसाला वर्षभर 'पुढं जा' शिकवलं, तो त्या दिवशीही पुढंच जाणार. म्हणजे घरातला धूर ओळखणारा भोंगा आपणच बंद करून ठेवला.

बरं, हे सर्टिफिकेट महाग आहे का? अजिबात नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची ना-नफा संस्था २०१५ च्या शेवटापासून ते सगळ्यांना फुकट देते. आमच्या छोट्या बातम्यांच्या पोर्टलला तेच लावलंय. शेंद्रा एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मित्रानं सर्व्हरवर 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्राम टाकला. त्या संस्थेनं एक सांकेतिक फाइल साइटवर ठेवायला सांगितली, बाहेरून ती तपासली आणि सर्टिफिकेट दिलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं. नंतर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर वळवलं, आणि पानांतले जे फोटो अजून एचटीटीपीनं येत होते त्यांचे पत्ते बदलले. सर्व्हरवरची गुप्त किल्ली मात्र कुणालाही द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

ते सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. नूतनीकरण सर्व्हर स्वतः करतो, फक्त ते खरंच होतंय का यावर एका माणसानं लक्ष ठेवायचं. यापुढं तर ही शिस्त सगळ्यांनाच लागणार आहे. विकतचं सर्टिफिकेट घेतलं तरी कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस, असं ठरलंय. वर्षातून एकदा कुणाला तरी आठवलं तर नवीन करायचं, हा कारभार चालणारच नाही.

दाखला देणाराच चुकला तर? तेही आपल्या देशात घडलंय. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं की, आपल्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून गुगलच्याच नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली आहेत. देशाच्या नियंत्रक कार्यालयानं दुसऱ्याच दिवशी त्या केंद्राचे सर्टिफिकेट देण्याचे अधिकार काढून घेतले. तहसीलचा शिक्काच भलत्याच्या हातात जावा, तसला प्रकार.

आता दुसरी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नसतं. सर्टिफिकेट हा रहिवासी दाखला आहे, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला नाही. चोरटासुद्धा स्वतःच्या नावाची साइट घेऊन फुकटात सर्टिफिकेट लावतो. गुगलच्या २०२१ च्या अभ्यासात फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी २०२३ मध्ये क्रोमनं ते कुलूप पत्त्याच्या पट्टीतून काढूनच टाकलं. २०२५ मध्ये गाड्यांच्या नव्या नंबर प्लेटसाठी आणि लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी बनावट साइट निघाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिथं आधार अन् ओटीपी टाकला तर तो बंद पाकिटातच जातो, फक्त चोराच्या घरी.

मग ओळखायचं कसं? पोस्टमन पत्ता खालून वर वाचतो, तसं साइटचं नाव शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे येतं, ते महत्त्वाचं. राज्य सरकारच्या बहुतेक साइटचा शेवट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. सुरुवातीला 'महाराष्ट्र' लिहिलंय पण शेवटी भलतंच काही आहे, तर माहिती भरू नका. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट सक्तीचा केला, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन. सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था ही बँक नसते, त्यामुळे तिला तो शेवट मिळत नाही. म्हणूनच पतसंस्थांनी आपला पत्ता पासबुकावर छापावा आणि सर्टिफिकेट एक दिवसही संपू देऊ नये.

माझं म्हणणं एवढंच. तुमच्या संस्थेची, शाळेची, बाजार समितीची साइट आज मोबाइलवर उघडून बघा. इशारा आला तर पुढं जाऊ नका, स्क्रीनशॉट काढा आणि सचिवाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुढच्या वार्षिक सभेत विचारा की साइटच्या देखभालीचा खर्च दाखवता, मग फुकटचं सर्टिफिकेट का संपतं? सेंटर चालवणाऱ्या पोरांनाही सांगतो, गिऱ्हाइकाच्या वतीनं तुम्ही 'प्रोसीड' दाबू नका. पासवर्ड त्याचा आहे, पैसे त्याचे आहेत.

आणि कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.