पाणी एकाला, भिजली दोन्ही

परभणीत फोरट्रान लिहितो म्हटलं की समोरचा आधी विचारतो, ‘अजून चालतं का ते?’ चालतं. पिकाची वाढ संगणकावर चालवून बघणारं डीएसएसएटी हे जगभर वापरलं जाणारं प्रारूप फोरट्रानमध्येच आहे. १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या, एमएयूएस ७१ सारखं सोयाबीनचं वाण दिलेल्या या गावात पीक-प्रारूपाचं काम करायचं आणि फोरट्रान टाळायचं, हे जमत नाही.

आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न घ्या. सोयाबीन उगवून आलं, फुलोऱ्यात आलं आणि ऑगस्टात पावसानं दडी मारली. आता एक संरक्षित पाणी दिलं तर उत्पादनात किती फरक पडेल? यासाठी पेरणीपासून त्या दिवसापर्यंत प्रारूप एकदाच चालवायचं, त्या दिवशीच्या सगळ्या अवस्थेची प्रत काढायची, एका प्रतीला पाणी द्यायचं, दुसरी कोरडी ठेवायची. प्रत काढायला एक ओळ पुरते: ओलीत = कोरडवाहू.

आणि इथेच गंमत होते. ही सगळी अवस्था एका डिराइव्हड टाइपमध्ये बांधलेली असते; मातीच्या थरवार ओलाव्याचा अ‍ॅरे त्यात पॉइंटर म्हणून ठेवलेला असेल, तर बरोबरीचं चिन्ह साधे आकडे उतरवून घेतं, पण पॉइंटरपुरतं फक्त बोट दाखवतं. सातबाऱ्याची झेरॉक्स काढावी तसं. कागद दोन झाले, रान एकच. पाणी ओलिताला द्या, कोरडवाहूचा ओलावाही तेवढाच वाढतो आणि संरक्षित पाण्याचा फायदा जवळजवळ शून्य निघतो.

यात कंपायलरचा दोष नाही. पॉइंटरमागची जागा कुणाची, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. तरी प्रोग्राम धाडकन पडला तर मी त्याला बरंच म्हणेन. भीती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. एका प्रतीचं काम संपलं म्हणून तिची मेमरी सोडून दिली. दुसरीचा पॉइंटर मात्र त्याच जागेकडे बघत राहिला. अशा वेळी पॉइंटर कुठे जोडलेला आहे का ते सांगणाऱ्या ‘असोसिएटेड’ला विचारून उपयोग नाही, त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. तिथून कधी कचरा येतो, कधी हेक्टरी अगदी पटण्यासारखा आकडा येतो, आणि पटणारा आकडा कुणी तपासत नाही.

पॉइंटरची ही सवय फोरट्रान ९० च्या काळातली. तेव्हा टाइपच्या आत कमी-जास्त लांबीचा अ‍ॅरे हवा असेल तर दुसरा पर्यायच नव्हता, कारण अ‍ॅलोकेटेबल घटकांना मुभा नव्हती. ती फोरट्रान २००३ च्या मानकात आली. घटक अ‍ॅलोकेटेबल असला की तीच बरोबरीची ओळ नवी जागा घेते, आकडे उतरवते, आत आणखी अ‍ॅलोकेटेबल असतील तर त्यांचीही प्रत काढते. वाटेत पॉइंटर लागला की तिथे थांबते. डीएसएसएटीनं तर मातीच्या थरांसाठी २० घरांचा ठरीव अ‍ॅरे ठेवून हा प्रश्न मुळातच मिटवलाय. थोडी मेमरी वाया जाते, जाऊ द्या.

मग पॉइंटर हद्दपारच करावा का? नाही. जिंतूरच्या शंभर प्लॉटांना एकाच केंद्राची पावसाची नोंद लागत असेल, तर ती शंभर वेळा उतरवणं शुद्ध वेडेपणा. हवामान सामाईक, तिथे पॉइंटर शोभतो. ओलावा ज्याच्या त्याच्या काळ्या मातीचा, तो अ‍ॅलोकेटेबल. कोणता घटक सामाईक आणि कोणता स्वतःचा, हे टाइप लिहितानाच ठरलं पाहिजे; प्रत काढायच्या वेळी ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

जुन्या कोडमधले पॉइंटर काढता येत नसतील तर बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ आपण स्वतः लिहावा: नवी जागा घ्या, मग मजकूर उतरवा. पण तो नुसत्या इंटरफेस ब्लॉकात ठेवू नका, टाइपला बांधा. कारण हा टाइप दुसऱ्या मोठ्या टाइपचा घटक झाला, की मोठ्याची प्रत काढताना फोरट्रान फक्त टाइपला बांधलेला अर्थ पाळतं. इंटरफेसमधला तिथे लागू होत नाही, आणि तसा इशाराही देत नाही. टाइपमध्ये पुढे नवा पॉइंटर घातला तर प्रत काढणारी सबरूटीन त्याच दिवशी दुरुस्त करा.

तपासणी सोपी आहे. प्रत काढा, प्रतीतल्या पहिल्या थराचा ओलावा मुद्दाम बदला आणि मूळचा छापून बघा. तो हलला, तर पुढचं एकही उत्पादन कुणाला सांगू नका.